पावणेतीनचा गजर: वसंतात मित्रांबरोबर पहाटेची बॅककंट्री स्की टूर कशी करायची

वसंतात बॅककंट्री स्की टूरला, म्हणजे रिसॉर्टच्या बाहेर मोकळ्या डोंगरावर स्कीवरून स्वतःच चढून मग खाली उतरायला, अंधारात का निघायचं हे नवीन माणूस हमखास विचारतो, आणि बरेच जण त्याला सांगतात की वरून सूर्योदय भारी दिसतो. दिसतो खराच, पण खरं कारण बर्फात आहे. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी दाण्यांमधून खाली झिरपतं, रात्री परत गोठतं, असं लागोपाठ बरेच दिवस चाललं की बारीक बर्फाचे जाडसर गोल दाणे बनतात, एकमेकांना घट्ट धरून बसलेले. याला कॉर्न म्हणतात, युरोपात फर्न. पहाटे हा थर फरशीसारखा टणक असतो, मग ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे होतात आणि खालचा पाया अजून पक्का असतो, आणि तेवढ्या वेळात जे स्कीइंग मिळतं त्याला तोड नाही, मला तरी ते ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा, म्हणजे पावडरपेक्षा, जास्त आवडतं. अडचण एवढीच की एका उतारावर ही वेळ तासभर टिकते, कधी अर्धा तासच. आधी पोचलात तर नुसता खडखडाट, दात हलतात, आणि उशीर झाला तर गुडघाभर लगदा. लगद्याचा नुसता वैताग असता तर चाललं असतं, पण ओल्या बर्फाचे ॲव्हलांच (हिमस्खलन) त्याच वेळात सुटायला लागतात.

म्हणून टूर नेहमी उलटी मोजायची. कधी निघायचं हा पहिला प्रश्नच नाही, खाली कधी उतरायचं हा पहिला प्रश्न, बाकी सगळं त्यावरून मागे मोजत यायचं.

उदाहरण घेऊ. उतरायचा उतार पूर्व-आग्नेय तोंडाचा आहे, एप्रिल महिना, सूर्योदय सव्वासहाला, असा उतार नऊच्या आसपास तयार होईल असं धरलं. वर अर्धा तास हाताशी हवा, म्हणजे साडेआठला माथा. चढाई 1100 मीटर, अंतर 5 किलोमीटर. इथे वेर्नर मुंटर या स्विस गाइडचं गणित वापरा, एकदम सोपं आहे: दर 100 मीटर चढाईला एक युनिट, दर किलोमीटरला एक युनिट, बेरीज करा आणि स्किन्सवर (चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) चढताना 4 ने भागा, उत्तर तासांत. 11 आणि 5 मिळून 16, भागिले 4, चार तास. यात थांबे धरलेले नाहीत, चार जणांचा ग्रुप असेल तर 40 मिनिटं थांब्यांची धराच. म्हणजे तीन पन्नासला पाय चालायला लागले पाहिजेत. पार्किंगला बूट, स्किन्स, ट्रान्सिव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) चेक यात 25 मिनिटं जातात, गाडीने पोचायला 20, उठून आवरायला 20, मिळून पावणेतीनचा गजर. हे गणित सगळ्यांसमोर करा, मग गजराबद्दल कोणी कुरकुर करत नाही, कारण प्रत्येकाला कळलेलं असतं की अर्धा तास जास्त झोपलो तर तो अर्धा तास नेमका उतारावरून कापला जाणार आहे. आणि हो, ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग, त्याच्या हिशोबाने मोजा, 4 च्या जागी 3 ने भागावं लागलं तर भागा.

कुठला उतार कधी तयार होतो याचा ढोबळ क्रम उत्तर गोलार्धात असा: आधी पूर्व, मग आग्नेय, दक्षिण, नंतर नैऋत्य आणि पश्चिम, उत्तरेकडचे उतार शेवटी, आणि तेसुद्धा सीझन बराच पुढे गेल्यावरच खरं कॉर्न देतात. पण उतार जितका तीव्र आणि सूर्याकडे जितका सरळ तोंड करून, तितका लवकर. वारा असेल तर उशीर होतो, हवा दमट आणि गरम असेल तर घाई.

आता रात्रीबद्दल, कारण सगळा खेळ रात्रीच ठरतो. बहुतेक लोक फोनवर फक्त तापमान बघतात, 0 च्या खाली गेलं की झालं. तेवढं पुरत नाही. बर्फाचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता आकाशाकडे फेकत असतो, आकाश मोकळं आणि हवा कोरडी असेल तर हवेचं तापमान 2-3 अंश असतानाही बर्फ मस्त गोठतो. उलट ढगांचं पांघरूण असेल तर तीच उष्णता खाली परत येते आणि हवा 0 ला असूनही बर्फ ओलाच राहतो, किंवा वर पातळ पापुद्रा आणि खाली लगदा. म्हणून फोरकास्टमध्ये आधी रात्रीचे ढग बघा, मग दमटपणा, मग तापमान. दरीतल्या तापमानावरही विसंबू नका, रात्री थंड हवा खाली साचते, गाडीची काच गोठलेली असते आणि 600 मीटर वर बर्फ धड गोठलेलाच नसतो, असं होतं.

आदल्या संध्याकाळी त्या भागाचं ॲव्हलांच बुलेटिन वाचा. धोक्याची पातळी 1 ते 5 असते, वसंतात बऱ्याच ठिकाणी सकाळची आणि दुपारची वेगळी देतात, आणि सकाळी 1 असलेलं दुपारी 3 होऊ शकतं. नुसता आकडा वाचून बंद करू नका, खालचा मजकूर वाचा, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, कसला ॲव्हलांच. नकाशावर उताराचा कोन बघा, बहुतेक ॲव्हलांच 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, पण तुमची वाट 25 ची आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, तिच्या वर काय लटकतंय तेही बघा. लागोपाठ तीन-चार रात्री नीट गोठलेल्या असतील तर बर्फ बसलेला असतो, पण सीझनमधली पहिली मोठी उष्णतेची लाट असेल, किंवा नुकताच पाऊस पडला असेल, तर मी सरळ सौम्य उताराचा प्लॅन घेते, कारण पाणी पहिल्यांदाच आतल्या जुन्या कमकुवत थरांपर्यंत पोचत असतं आणि तेव्हा बर्फ कसा वागेल हे वरून बघून कळत नाही.

ग्रुप तीन ते चार जणांचा बरा. दोघंच असलात आणि एक गाडला गेला तर शोधायला उरतो एकच, सहा झाले की प्रत्येक थांब्याला वेळ गळत जातो. आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय, कारण मित्रांबरोबर जाण्यात जसा आनंद आहे तसाच धोकाही आहे. मित्रांच्यात कोणी नाही म्हणत नाही. एकाला वाटत असतं बर्फ बरोबर नाही, पण बाकीचे खुशीत असतात, इतकं लवकर उठून आलोय, पुढे कुणाच्या तरी स्कीच्या खुणाही दिसतायत, ग्रुपमधला अनुभवी माणूस शांतपणे चाललाय, मग आपणच कशाला बोला. ॲव्हलांचमध्ये सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो ॲव्हलांच त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सोडवलेला असतो. इयन मॅकॅमन या संशोधकाने 2000 नंतरच्या वर्षांत अमेरिकेतले शेकडो अपघात तपासून नेमकं हेच मांडलं, की ओळखीची जागा, आधीच ठरलेलं ध्येय, दुसऱ्यांच्या खुणा, अनुभवी माणसावरचा भरवसा, यांनी धोका दिसत असतानाही लोक पुढे जातात. यावर उपाय एकच मला पटलाय: नियम आदल्या रात्री, उबेत बसून, सगळ्यांच्या तोंडून ठरवायचे. आमचे तीन आहेत. कोणीही एकाने नाही म्हटलं तर नाही, कारण विचारायचं नाही आणि नंतर टोमणाही मारायचा नाही. परत फिरायची वेळ घड्याळात लावून ठेवायची, वरच्या उदाहरणात पावणेनऊ, तेव्हा जिथे असू तिथून उतरायला लागायचं, माथा वीस मिनिटांवर असला तरी. आणि दुसरा सोपा प्लॅन आधीच नकाशावर काढलेला हवा, म्हणजे पहाटे बर्फ गोठलेला नसेल तर "आता काय" असं होत नाही, तिकडे वळता येतं.

सामान रात्रीच भरा, सकाळी डोकं चालत नाही. ट्रान्सिव्हर, फावडं, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब सळई) हे प्रत्येकाकडे, दोघांत एक असं चालत नाही. सगळे आधुनिक ट्रान्सिव्हर 457 किलोहर्ट्झवरच चालतात त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी एकमेकांना सापडतात. त्यात सेल कंपनीने सांगितलेले तेच घाला. वसंतात ज्याला लोक फाटा देतात ते म्हणजे स्की क्रॅम्पॉन, स्कीला लावायचे दातेरी पत्रे, आणि पहाटेच्या टणक बर्फावर तेच सगळ्यात जास्त लागतात, ते सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवेत. वाट खूप तीव्र असेल तर बुटाचे क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स. हेल्मेट. हेडलॅम्प पूर्ण चार्ज करून, आणि ग्रुपमध्ये एक जास्तीचा. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा, नेटवर्क नसेल तिथे सॅटेलाइट मेसेंजर, आणि तिथल्या रेस्क्यूचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये. स्किन्सना रात्रीच स्किन वॅक्स घासून ठेवा, दुपारी ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलं की खाली बर्फाचे गोळे चिकटतात आणि प्रत्येक पाऊल दोन किलोचं होतं, ते बरंचसं टळतं. पाणी थर्मासमध्ये, नळीवाली पिशवी नको, पहाटे नळी गोठते. खायला असं काहीतरी जे ग्लोव्ह न काढता तोंडात टाकता येईल.

पार्किंगला पोचलात की सगळ्यात आधी बर्फ बघा, स्की गाडीतून काढायच्याही आधी. बुटाने रस्त्याच्या कडेच्या सपाट बर्फावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. बूट वरच राहिला, टाच आपटल्यावर टक असा कोरडा आवाज आला, तर रात्र चांगली गेली. पापुद्रा फुटून घोट्यापर्यंत आत गेलात तर इथे तरी गोठलेलं नाही, वर जाताना परत परत बघा, आणि 200-300 मीटर चढूनही तेच असेल तर दुसरा प्लॅन. पोलचा दांडा उलटा करून खुपसूनही बघा, टणक थर किती जाड आहे ते हाताला कळतं, दोन बोटं जाड थर ऊन लागल्यावर काही मिनिटांत संपतो, वीतभर असेल तर बराच वेळ मिळतो.

मग ट्रान्सिव्हर चेक. एकाने पुढे जाऊन सर्चवर उभं राहायचं, बाकीच्यांनी सेंडवर ठेवून एकेक करून त्याच्या समोरून जायचं, शेवटी त्याने स्वतःचा सेंडवर करून दुसऱ्याला दाखवायचा, हा शेवटचा भाग लोक विसरतात. फोन ट्रान्सिव्हरपासून कमीत कमी 20 सेंटिमीटर लांब, मांडीच्या खिशात उत्तम, आणि शोधताना कुठलंही इलेक्ट्रॉनिक 50 सेंटिमीटर लांब, त्यात गरम होणारे ग्लोव्ह, स्मार्टवॉच आणि काही हेडलॅम्पही आले.

चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जॅकेट घालून निघालात तर पंधरा मिनिटांत घाम, आणि तो घाम माथ्यावर वाऱ्यात उभं राहिल्यावर छळतो. अंधारात वेग कळत नाही, हेडलॅम्पच्या गोळ्यापलीकडे काही दिसत नाही त्यामुळे सगळेच जरा जोरात चालतात, पुढच्याने मुद्दाम हळू चालायचं, बोलता येईल एवढ्या दमाने. दर वीस-पंचवीस मिनिटांनी नकाशा बघा, आणि प्रत्येक वळणावर मागे वळून दिवे मोजा. समोरच्याच्या चेहऱ्यावर दिवा मारू नका, त्याला पुढची पाच मिनिटं काही दिसत नाही. चांदणं असेल आणि वाट मोकळी असेल तर दिवे बंद करून चाला, लांबचं जास्त दिसतं, आणि खरं सांगते, स्किन्सचा सरसर आवाज आणि पुढे मित्रांच्या काळ्या आकृत्या, यासाठीच आपण हे सगळं करतो.

टणक तिरका उतार आला की क्रॅम्पॉन तो उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागेवर लावा. मध्येच एका स्कीवर तोल सांभाळत लावायची वेळ आली म्हणजे आधीच उशीर झालाय. हील रायझर (चढताना टाचेखाली उभा करायचा आधार) उंच ठेवला तर क्रॅम्पॉन बर्फात कमी रुततात, म्हणून टणक बर्फावर रायझर खाली आणि वाट जरा कमी चढाची काढा. पूर्ण स्किन बर्फाला टेकली पाहिजे, घोटा उताराच्या खालच्या बाजूला कलवून, स्कीच्या नुसत्या कडेवर उभं राहायचं नाही. किक टर्न, म्हणजे एकेक स्की उचलून उलट दिशेला वळणं, घाई न करता, आधी पायाने छोटीशी जागा सपाट करून. गोठलेल्या 35 अंशांच्या उतारावर पडलात तर थांबता थांबत नाही, त्यामुळे खाली खडक किंवा कडा असेल तर तिथे स्की सॅकला लावून क्रॅम्पॉन आणि ॲक्सने चढलेलं बरं.

पहाटे सगळं गोठलेलं असतं म्हणजे सगळं सुरक्षित असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. गवताळ किंवा गुळगुळीत जमिनीवरून बर्फाचा अख्खा थर हळूहळू घसरत असतो आणि उतारावर वाकड्या रुंद भेगा पडलेल्या दिसतात, तो थर दिवसरात्र कधीही येऊ शकतो, अशा भेगांच्या खालून रेंगाळत जाऊ नका. ओढ्यांवरचे बर्फाचे पूल पहाटे चालतात, पण परत येताना तेच पूल मऊ झालेले असतात हे जातानाच लक्षात ठेवा. रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, कॉर्निसपासून (बाहेर लटकणारा बर्फाचा छज्जा) चांगले लांब राहा, तो वाटतो त्यापेक्षा मागून तुटतो.

उजाडायच्या वेळी सगळ्यात जास्त थंडी असते, तेव्हा थांबू नका, जरा आधी किंवा ऊन आल्यावर थांबा. आणि ऊन आलं रे आलं की आधी गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतो, दर 1000 मीटर उंचीला साधारण 10 टक्के वाढतो, त्यामुळे नाकाच्या खाली, हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडांनाही लावायचं. डोळे भाजले तर लगेच कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायला लागतं, म्हणून दुखत नाही तोवर गॉगल नको असं करू नका.

माथ्यावर पोचलात की स्किन्स काढा, कोरडे ग्लोव्ह, जाड जॅकेट, आणि आता वाट बघायची. हा सगळ्यात अवघड भाग, कारण लोक वर आले की त्यांना लगेच उतरायचं असतं. दर पाच मिनिटांनी ज्या उतारावरून जायचंय त्याच दिशेच्या आणि तेवढ्याच तीव्र सुरक्षित जागी पोलचं टोक दाबून बघा. आधी नुसता ओरखडा येतो. मग टोक थोडं रुततं आणि दाणे सुटे होतात पण हातात घेऊन दाबले तर गोळा होत नाही. मग वर एक चकाकी येते, पोल दोन सेंटिमीटर जातो आणि खाली टणक लागतं. निघा. खालचा भाग उंची कमी म्हणून आधी मऊ झालेला असतो, त्यामुळे वर अगदी परफेक्ट होईपर्यंत थांबलात तर खाली लगदा मिळेल, वर किंचित कडक असतानाच सुटलेलं बरं.

उतरताना एका वेळी एकच, बाकीच्यांनी नजर ठेवायची, थांबायचं ते उंचवट्यावर किंवा कडेला, कुठल्याही घळीच्या तोंडाशी नाही. बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत मोठे होत खाली यायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यापासून ओला बर्फ त्रिकोणात सुटताना दिसला, यातलं एक जरी दिसलं तरी तो उतार संपला, तिथून बाहेर पडा, सावलीच्या किंवा कमी चढाच्या बाजूने. दुसरी लॅप मारायची का, म्हणजे परत चढून परत उतरायचं का, हा प्रश्न इथे येतोच. दिशा बदलून, अजून न पिकलेल्या उतारावर, आणि बर्फ पाया धरून असेल तरच.

आणि कोणी गाडलंच गेलं तर शोधायचं तुम्हालाच आहे, हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ नसतो. स्विस आकडेवारीनुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी साधारण 90 टक्के वाचतात, त्यानंतर आकडा झपाट्याने पडतो, आणि ओला बर्फ जड असतो, खणायला कठीण. शेवटचा दिसलेला बिंदू डोक्यात ठेवा, एकाने फोन करा, बाकीच्यांनी ट्रान्सिव्हर सर्चवर, प्रोब लागला की तो काढू नका, उताराच्या खालच्या बाजूने खणत आत जा. हे वाचून येत नाही, ॲव्हलांचचा एक कोर्स करा आणि सीझनच्या सुरुवातीला मित्रांबरोबर सॅक पुरून सराव करा.

गाडीपाशी अकराच्या आत परत आलात की वेळ बरोबर जमली. लगेच गाडी काढू नका, पावणेतीनला उठलेला माणूस उन्हात गाडी चालवताना झोपतो, ज्याची झोप सगळ्यात कमी झालीय त्याच्या हातात किल्ली देऊ नका, हवं तर अर्धा तास तिथेच आडवे व्हा. घरी आल्यावर स्किन्स उघड्या करून सावलीत वाळवा, हीटरवर नको, ग्लू खराब होतो. ट्रान्सिव्हर बंद केलाय ना ते बघा. आणि तो उतार किती वाजता तयार झाला, रात्री ढग होते का, ते दोन ओळीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी गजर किती वाजताचा लावायचा ते त्यावरूनच ठरेल.